कुंभार्ली घाटात चढणीला चेन गेली, काय चुकलं ते जाणकारांनी सांगा

सह्यभटक्या | रविवार, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी, आत्ताच घरी पोचलोय, हात तीनदा धुतले तरी नखातलं काळं गेलेलं नाही, पण डोक्यात आहे तोवर लिहून टाकतो.

गाडी १५० सीसी, सात वर्षं जुनी, मागे बाबा (वय ६४) आणि दोन सॅडलबॅग. गुहागरहून कराडला परत येत होतो, म्हणजे नेहमीचा गुहागर-विजापूर हायवे. चिपळूणला चहा घेतला, पोफळी मागे टाकली आणि घाट सुरू झाला. साधारण अर्धा घाट चढलो असू, दुसऱ्या गिअरवर एक वळण घेऊन रेस दिली आणि खालून खडाड् असा आवाज आला, पाठोपाठ इंजिन एकदम बोंबलायला लागलं पण गाडीला ओढच नाही. पहिल्यांदा वाटलं गिअर सुटला म्हणून पुन्हा टाकला, तरी तेच. तेवढ्यात गाडी थांबली आणि मागे सरकायला लागली. मागून ट्रक येतोय आणि आपण उलटे चाललोय, त्या दोन-तीन सेकंदांत जे वाटलं ते सांगता येत नाही. दोन्ही ब्रेक दाबून धरले, बाबांना म्हटलं आधी उतरा. ट्रकवाल्याने लांबूनच बघितलं असावं, त्याने इंडिकेटर देऊन मोठा वळसा घेतला, त्याचे उपकार.

गाडी डावीकडे गटाराच्या कडेला लावली. चेन वीसेक पावलं मागे रस्त्यावर सापासारखी पडलेली. उचलली तर चटका बसला इतकी तापलेली. फोनला रेंज नाही. बाबा म्हणाले, "गाडीनं दम सोडला का रे?" मला तेव्हा बोलायलाही सुचेना.

मग जे केलं ते असं. चिपळूणकडे उतरणारी एसटी आली, हात केला, ड्रायव्हरने थांबवली, बाबांना बॅगांसकट तिच्यात बसवून पोफळीला उतरायला सांगितलं. मी गाडी वळवली आणि इंजिन बंद ठेवून उतारावरून हळूहळू खाली सोडली. मधे दोन वेळा थांबलो कारण मागच्या ड्रमचा करपल्यासारखा वास यायला लागला होता. पोफळीच्या पुढे एक छोटं गॅरेज मिळालं, रविवार असून दादा मागेच राहत असल्यामुळे बाहेर आले. त्यांनी पत्र्याच्या डब्यातून जुन्या लॉकांचा (लॉक म्हणजे चेनची दोन टोकं जोडणारी कडी) ढीग काढला, त्यातलं एक बसलं, अर्ध्या तासात गाडी रस्त्यावर. पैसे विचारले तर म्हणाले जुनंच लॉक आहे त्याचे काय घ्यायचे. बळेच शंभर ठेवले.

प्रश्न दोन. चेन सेट (चेन आणि पुढचं-मागचं दातेरी चक्र) दीड महिन्यापूर्वीच नवा टाकलाय, जेमतेम अठराशे किलोमीटर झालेत, मग तुटली कशी? आणि गाडी तशी खाली सोडली ते बरोबर केलं का चूक? बाबा घरी आल्यापासून गप्प आहेत, म्हणून ही दुसरी गोष्ट जास्त खातेय.

डोंगरकपारी | रविवार, रात्री ११:१५

आधी बाबांना सुखरूप आणलंस हे महत्त्वाचं. अठराशेला चेन जाणं शक्यच नाही रे, नक्की डुप्लिकेट माल असणार. चांगला सेट नीट सांभाळला तर वीस हजार सहज जातो. गॅरेजवाल्याला पकड.

वर्कशॉपवाला_काका | सोमवार, सकाळी ६:२०

डुप्लिकेट म्हणायची घाई नको. एसटीच्या वर्कशॉपला ३१ वर्षं काढली, मोडलेला भाग काय सांगतो ते बघितल्याशिवाय आम्ही बोलत नसू. सह्यभटक्या, तू म्हणतोस चेन तुटली. ती तुटली का सुटली? टोकं बघितलीस का? चेनमधे एक आतली कडी एक बाहेरची अशी आलटून पालटून असते. पट्टी चिरली असेल किंवा पिन मोडली असेल तर टोकाला तुटकी पट्टी नाहीतर पिनेचं थोटूक दिसतं. आणि दोन्ही टोकांना रोलरवाल्या आतल्या कड्या धड असतील तर चेन शाबूत आहे, फक्त लॉक गेलंय. त्या दादांनी नुसतं लॉक घालून गाडी दिली म्हणजे मला तर दुसरंच दिसतंय.

सह्यभटक्या | सोमवार, सकाळी ८:०५

काका, बरोबर. दोन्ही टोकांना रोलर होते, मोडलेलं काहीच नव्हतं. लॉकचा एकही तुकडा सापडला नाही. म्हणजे चेन तुटलीच नाही!

वर्कशॉपवाला_काका | सोमवार, सकाळी ८:३०

हां. मग आता लॉकची क्लिप कशी बसवली होती ते आठव. लॉक म्हणजे तीन वस्तू, दोन पिनांचा घोडा, वरची पट्टी, आणि पट्टी धरून ठेवणारी पत्र्याची क्लिप. क्लिपचं एक टोक बंद गोल, दुसरं उघडं. बंद टोक चेन ज्या दिशेला पळते त्या दिशेला पाहिजे. मासा पोहताना डोकं पुढे शेपूट मागे, तसंच. चेनची वरची बाजू पुढे पळते म्हणून तिथे डोकं हेडलाइटकडे, आणि तेच लॉक खालच्या बाजूला आलं की डोकं मागच्या नंबरप्लेटकडे. लोक खालच्या बाजूला बघून गोंधळतात, म्हणून चाक फिरवून लॉक वर आणायचं आणि मगच बघायचं.

उलटी बसली तर काय होतं, उघडं तोंड पुढे राहतं, खडी लागते, चेन सैल असेल तर कव्हरला घासते, प्रत्येक धक्क्याला क्लिप मागे ढकलली जाते आणि एक दिवस उडते. क्लिप उडाली तरी गाडी लगेच थांबत नाही बरं का. पट्टी घट्ट असेल तर पाच-पंचवीस किलोमीटर तशीच चालते, मग पट्टी सरकते, आणि चढणीला भार आला की घोडा बाहेर.

सह्यभटक्या | सोमवार, दुपारी १:४०

काका, अंगावर काटा आला. नवा सेट टाकला त्या दिवशी भावाला दाखवायला फोटो काढला होता, नवं चक्र चकचकीत दिसतंय म्हणून. आत्ता जेवणाच्या सुट्टीत मोठा करून बघितला. लॉक वरच्या बाजूलाच आहे, आणि क्लिपचं उघडं तोंड सरळ पुढे, हेडलाइटकडे. दीड महिना माझ्या मोबाइलमधे हे पडून होतं. आता नवीन लॉक पोफळीच्या दादांनी कसं लावलंय ते बघायला खाली पार्किंगला जाऊन आलो, चाक ढकलून लॉक वर आणलं, बंद तोंड पुढे आहे. बरोबर.

घाटमाथा_रेवा | सोमवार, दुपारी २:१०

मीपण आत्ता उठून बघून आले. माझं बरोबर निघालं. सगळ्यांनी बघा खरंच, दोन मिनिटं लागतात.

वर्कशॉपवाला_काका | सोमवार, संध्याकाळी ५:४५

ज्याने बसवलं त्याच्याकडे शांतपणे फोटो घेऊन जा आणि दाखव. भांडायला नाही, त्याच्या हाताखाली पोरगं असेल तर त्यालाही कळू दे. पुढच्या गिऱ्हाइकाचा जीव वाचेल.

आता तुझा दुसरा प्रश्न. स्पष्ट बोलतो, राग मानू नकोस. खाली सोडलीस ते चूक नाही, पण तीन गोष्टी माहीत असल्या पाहिजेत. एक, चेन नाही म्हणजे इंजिनचा रोध नाही. एरवी आपण उतारावर दुसऱ्या गिअरवर येतो तेव्हा अर्धं काम इंजिन करतं, ते सगळं ब्रेकवर येतं. ड्रमचा वास म्हणजे लायनर तापलं, आणखी दाबत राहिला असतास तर ब्रेक लागेनासा झाला असता. थांबलास ते शहाणपण केलंस. दोन, चावी चालूच ठेवायची. मोटरसायकलचा ब्रेक इंजिनवर अवलंबून नाही, कारसारखा जड होत नाही, पण एबीएसला आणि मागच्या लाल दिव्याला करंट लागतो. आणि चुकून चावी फिरून हँडल लॉक झालं तर संपलं. तीन, चेन पूर्ण काढलेली असली पाहिजे. पुढच्या चक्रात तुकडा अडकलेला असताना गाडी ढकलायचीसुद्धा नाही.

बाबांना आधी एसटीत बसवलंस, या एका गोष्टीसाठी तुला शंभर मार्क.

डोंगरकपारी | सोमवार, संध्याकाळी ६:३०

काका, आदर ठेवून असहमत. कुंभार्लीसारख्या ट्रकच्या घाटात बंद गाडी उतारावर सोडायचा सल्ला नवीन मुलं वाचतील आणि रात्री पावसात करतील. त्यापेक्षा गाडी कडेला लावून माणसाने खाली जाऊन लॉक आणावं, गाडी तिथेच राहू दे.

वर्कशॉपवाला_काका | सोमवार, रात्री ९:००

पावसात, अंधारात, किंवा मागे माणूस बसवून, कधीच नाही. हे मान्य, मी लिहायला हवं होतं. दिवसा, कोरडा रस्ता, एकटा माणूस, वीसच्या आत वेग, तेवढंच.

मेळघाटी | सोमवार, रात्री ९:५०

भाऊ तुमचं नशीब चांगलं की चेन मागे पडली. मी परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढत होतो, आमची चेन तुटून मागे नाही गेली, पुढच्या चक्रात गोळा होऊन केसिंगमधे घुसली. मागचं चाक जागच्या जागी जाम. चढण होती म्हणून वेग कमी, नाहीतर मी काही लिहायला राहिलो नसतो. केसिंगला बोटभर चीर, ऑइल सगळं रस्त्यावर. मग टोचन करून आणली, दोरी बांधून दुसऱ्या गाडीच्या मागे, आणि ते तर चेन तुटण्याहून भयंकर प्रकरण आहे, एक झटका बसला की दोघंही आडवे. चाक जाम असेल तर छोटा हत्ती (छोटा टेम्पो) बोलवा, पैसे जातील तर जाऊ द्या.

आमची कशी तुटली माहीत आहे, चूक माझीच. चेन लटकते म्हणून मीच घरी ताणली, एकदम टाइट, आवाज बंद झाला म्हणून खूश. दोघं बसून सामान लादून निघालो.

वर्कशॉपवाला_काका | सोमवार, रात्री १०:२५

मेळघाटी यांनी लाखाची गोष्ट सांगितली. सैल चेन आवाज करते म्हणून लोक घाबरतात, ताठ चेन गप्प राहून नुकसान करते. रिकामी गाडी स्टँडवर असताना चेन सैल दिसते कारण मागचा फोर्क, म्हणजे मागचं चाक धरणारे दांडे, खाली लोंबतो. माणसं बसली की फोर्क वर येतो, आणि पुढचं चक्र, फोर्कचा खिळा आणि मागचा अॅक्सल एका रेषेत आले की ते अंतर सगळ्यात जास्त होतं. तेव्हा ढील उरली नाही तर चेन, गिअरबॉक्सचं बेअरिंग, चाकाचं बेअरिंग, सगळ्यांवर ताण. बऱ्याच छोट्या गाड्यांना खालच्या बाजूला मधोमध २० ते ३० मिलिमीटर खेळ सांगितलेला असतो, पण आपल्या गाडीचा आकडा चेन कव्हरवरच्या किंवा फोर्कवरच्या स्टिकरवर नाहीतर पुस्तकात बघा. चाक फिरवून चार जागी मोजा, एका जागी ताठ एका जागी सैल येत असेल तर चेन असमान ताणली गेलीय, तिची वेळ झाली. आणि ताणताना दोन्ही बाजूच्या खुणा सारख्या ठेवा, नाहीतर चाक तिरकं.

नवा_चालक | मंगळवार, सकाळी ९:१५

मी सहा महिन्यांपूर्वीच गाडी घेतलीय, प्रश्न बाळबोध असेल तर माफ करा. चेन संपत आली हे घरी कसं ओळखायचं? आणि सफाई पेट्रोलने केली तर चालते का? आमच्याकडे एकजण गाडी चालू करून पहिल्या गिअरवर मागचं चाक फिरवत फडकं धरतो, पटकन साफ होते म्हणे.

घाटमाथा_रेवा | मंगळवार, सकाळी ९:४०

ते शेवटचं आजपासून बंद करायला सांग त्याला, आत्ता फोन कर. माझ्या चुलतभावाच्या उजव्या हाताची दोन बोटं अशीच गेलीत. फडकं दातात अडकतं आणि हात सोडायच्या आत चक्रापर्यंत ओढला जातो. इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, चाक हाताने फिरवायचं. याला दुसरा पर्याय नाही.

पेट्रोल नको. ओ-रिंगची चेन (कड्यांमधे रबरी रिंग असलेली) असेल तर आतलं रबर खराब होतं. रॉकेल चांगलं पण आता मिळत नाही, मी चेन क्लीनरचा स्प्रे वापरते, नाहीतर थोडं डिझेल आणि मऊ ब्रश, पुसून कोरडी करायची आणि मग ९० नंबर गिअर ऑइल. तेल चेनच्या आतल्या बाजूने सोडायचं म्हणजे फिरताना बाहेर फेकलं जाताना रोलरमधे जातं. रात्री लावून ठेवायचं, सकाळी जास्तीचं पुसून टाकायचं. पावसाळ्यात मी दर तीनशे-चारशे किलोमीटरला करते.

संपत आली का हे बघायला मागच्या चक्राच्या अगदी मागच्या टोकाला चेन चिमटीत धरून मागे ओढ. अर्धा दात उघडा दिसला तर गेली. दात एका बाजूला वाकून आकड्यासारखे झाले असतील तर तीनही वस्तू एकदम बदल, नुसती चेन टाकून पैसे वाचत नाहीत, जुने दात नवी चेन खातात.

नवा_चालक | मंगळवार, सकाळी १०:०५

फोन केला ताई. धन्यवाद. आणि सोबत काय ठेवू?

सह्यभटक्या | मंगळवार, दुपारी १:३०

मी काल संध्याकाळीच दुकानात जाऊन आलो, दोन लॉक, तीस-तीस रुपये. दुकानदाराने विचारलं कुठली चेन, ४२८ का ४२८ एच, तेव्हा मी गप्पच. परत गाडीपाशी जाऊन चेनच्या पट्टीवर बघितलं तर नंबर कोरलेला असतोच. काका, हा एच काय प्रकार आहे?

वर्कशॉपवाला_काका | मंगळवार, दुपारी ४:१०

पहिला आकडा म्हणजे एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंतचं अंतर, इंचाच्या आठव्या भागात. ४ म्हणजे चार अष्टमांश, अर्धा इंच. मोठ्या गाड्यांना ५२०, ५२५, ५३० असते तिथे पाच अष्टमांश. पुढचे दोन आकडे रुंदीचे. एच म्हणजे पट्ट्या जाड, त्यामुळे पिनही लांब. साध्या ४२८ चं लॉक एचला घातलं तर पिन पट्टीतून पुरेशी बाहेर येत नाही, क्लिपची खाच आतच राहते. म्हणून एचला एचचंच.

लॉक घालताना दोन्ही टोकं मागच्या चक्राच्या दातांवर शेजारी शेजारी बसवायची, दात धरून ठेवतात, हात मोकळा राहतो, घोडा आतून सरकवायचा, पट्टी, मग क्लिप पक्कडीने. हवेत धरून बसलात तर तासभर घाम.

आणि पट्टीच फाटली असेल तर खराब कडी काढून टाकायची, पण काढताना एक आतली आणि एक बाहेरची अशी जोडीने. दोन कड्या गेल्या की या चेनीला एक इंच कमी होतो, म्हणजे चाक अर्धा इंच पुढे घ्यावं लागतं. अॅडजस्टरला तेवढी जागा असेल तर घरापर्यंत पोचता. पिन काढायला चेन ब्रेकर लागतो, तो नसेल तर ग्राइंडर मारून पंच, म्हणजे गॅरेजच. क्लिप नाही पण पट्टी आहे अशा वेळी पिनेच्या खाचेत बाइंडिंगची तार पिळून मी लोकांना दहा-बारा किलोमीटर नेलंय, तिसाच्या आत वेग ठेवून. त्यापुढे नेऊ नका.

घाटमाथा_रेवा | मंगळवार, रात्री ८:२०

विषय चेनचा आहे पण ओढ जाण्याचा दुसरा प्रकार क्लच केबल, तोही लिहिते. माळशेज उतरून टोकावडेच्या अलीकडे माझी केबल लिव्हरपाशी तुटली. गाडी चालू, पण क्लच नाही. मुरबाडपर्यंत तशीच आणली. गाडी न्यूट्रलला चालू करायची, दोन्ही पायांनी ढकलत वेग घ्यायचा आणि पहिला गिअर टाकायचा, एक धक्का बसतो. वरचे गिअर टाकताना रेस क्षणभर सोडून पायाने हलकेच, बसतो. थांबायचं असेल तर आधीच न्यूट्रल शोधायचा, नाहीतर गाडी बंद पडते. गर्दीच्या चौकात हे करू नका, तिथे उतरून ढकला. आता मी नवी केबल जुनीच्या जोडीला आधीच ओवून टेपने बांधून ठेवलीय, दोन टोकं बदलली की काम झालं.

डोंगरकपारी | मंगळवार, रात्री ९:००

रेंज नसेल तर जवळच्या किलोमीटरच्या दगडाचा फोटो काढून ठेवत जा, रेंज आली की कुणालाही नेमकी जागा सांगता येते. अपघात झाला असेल किंवा जागा धोक्याची असेल तर ११२. आणि विम्यात रस्त्यावरची मदत घेतलीय का ते आजच बघून ठेवा.

सह्यभटक्या | शुक्रवार, रात्री १०:१५

अपडेट देतो. गॅरेजवाल्याकडे फोटो घेऊन गेलो. आधी म्हणाला आमच्याकडून असं होत नाही, मग फोटो मोठा करून बघितला आणि खुर्चीत बसला. त्याच्याकडे शिकायला असलेल्या मुलाला बोलावून माझ्यासमोर क्लिप काढायला आणि घालायला लावली, तीन वेळा. पैसे परत देत होता, घेतले नाहीत, त्याऐवजी म्हटलं दीड महिन्यात जेवढे चेन सेट बसवलेत त्या सगळ्यांना फोन करा. माझ्यासमोर वही उघडून चौघांना लावले, दोघांनी उचलला.

बाबांशीही बोललो. ते गप्प होते ते माझ्यावर रागावून नाही. एसटी पोफळीला पोचल्यावर ते पाऊण तास फाट्यावर उभे होते आणि मी दिसत नव्हतो. मी ब्रेक थंड व्हायला थांबलो होतो, त्यांना ते माहीत नव्हतं. डोंगरकपारी, तुझं म्हणणं मला तेव्हा पटलं नव्हतं, आता पटतंय. पुढच्या वेळी गाडी तिथेच ठेवून त्यांच्यासोबत एसटीत बसेन.

एक विनंती. पोफळीच्या दादांचा तो पत्र्याचा डबा डोळ्यासमोरून जात नाही, त्यात धड लॉक दोन-चारच राहिले होते. मी ४२८ आणि ४२८ एच मिळून दोन डझन नवे घेऊन ठेवलेत. महिनाभर मला सुट्टी नाही. कुणी कराडहून चिपळूणकडे जाणार असेल तर नेऊन द्याल का?

मेळघाटी | शुक्रवार, रात्री १०:४०

आम्ही फार लांब आहो भाऊ, नाहीतर मीच नेले असते.

डोंगरकपारी | शुक्रवार, रात्री ११:०५

मी रविवारी पहाटे साताऱ्याहून निघतोय, दापोलीला जायचंय. कराडवरूनच जातो मग. सहाला कोल्हापूर नाक्यावर ये. आणि एक मोठी बाइंडिंगची तार पण दे सोबत, डब्यात टाकतो.